जवळच्या अंतरासाठी वेगवान इथरनेट केबल : निवड कशी करावी?

बेळगावच्या खडे बाजारातील एखादे कापडाचे दुकान, उद्यमबागेतील फाउंड्री, निपाणीतील तंबाखूची वखार आणि टिळकवाडीतील राहते घर या चार वास्तूंमध्ये आता एक गोष्ट समान झाली आहे. इंटरनेटची फायबर दारापर्यंत येते आणि तिथून पुढचे दहा, वीस किंवा पन्नास मीटर अंतर आपले आपल्याला जोडावे लागते. राउटरपासून हिशेबाच्या संगणकापर्यंत, स्विचपासून कॅमेऱ्यापर्यंत, सर्व्हरपासून साठवण यंत्रापर्यंत जाणारी ही वाट बहुतेक ठिकाणी तांब्याच्या इथरनेट केबलची असते. ही केबल एकदा भिंतीत किंवा छताखाली गेली की पुढची दहा-पंधरा वर्षे कोणी तिच्याकडे पाहत नाही. म्हणूनच ती घेताना झालेली चूक महागात पडते. राउटर बदलणे पाच मिनिटांचे काम असते; भिंत फोडून केबल बदलणे तसे नसते.

बाजारात मात्र निवड सोपी राहिलेली नाही. कॅट ५ई, कॅट ६, कॅट ६ए, कॅट ७, कॅट ८ असे चढते आकडे वेष्टणावर छापलेले असतात आणि मोठा आकडा म्हणजे मोठा वेग असा समज सहज होतो. जवळच्या अंतरात हा समज बहुधा खोटा ठरतो. तिथे केबलमधील धातू, दोन्ही टोकांची जोडणी आणि केबल कोणत्या वातावरणातून जाते, या तीन गोष्टी छापील आकड्यापेक्षा अधिक महत्त्वाच्या असतात.

थोडी पूर्वपीठिका

इथरनेटची कल्पना रॉबर्ट मेटकाफ यांनी १९७३ साली झेरॉक्स कंपनीच्या कॅलिफोर्नियातील पालो आल्टो संशोधन केंद्रात मांडली आणि डेव्हिड बॉग्ज यांच्यासह ती प्रत्यक्षात आणली. पहिल्या जाळ्याचा वेग सेकंदाला सुमारे ३ मेगाबिट होता आणि त्यासाठी जाड कोअॅक्सियल केबल वापरली होती. आज परिचित असलेली, पीळ दिलेल्या तारांच्या जोड्यांची केबल १९९० साली प्रमाणित झाली, तेव्हा वेग १० मेगाबिट होता. १९९५ मध्ये १०० मेगाबिट, १९९९ मध्ये १ गिगाबिट आणि २००६ मध्ये १० गिगाबिट असा वेग त्याच प्रकारच्या आठ तारांवर आला. २०१६ साली २.५ आणि ५ गिगाबिटचे मधले टप्पे ठरले. त्यांचा हेतूच मुळी जुनी केबल न बदलता वेग वाढवता यावा हा होता.

आठ तारांच्या चार जोड्या असतात आणि प्रत्येक जोडीला पीळ असतो. हा पीळ शोभेसाठी नसतो. बाहेरून येणारा विद्युत गोंगाट जोडीतील दोन्ही तारांवर सारखाच पडतो आणि पुढच्या टोकाला दोन्ही तारांतील फरक मोजला जात असल्याने तो वजा होऊन जातो. चारही जोड्यांचा पीळ वेगवेगळ्या मापाचा ठेवतात, म्हणजे एका जोडीतील संकेत शेजारच्या जोडीत झिरपत नाही. कॅटचा आकडा वाढतो तसा हा पीळ अधिक घट्ट व नेमका होतो आणि केबल अधिक वारंवारतेचे संकेत पेलू शकते.

आकडे काय सांगतात

कॅट ५ई केबल १०० मेगाहर्ट्झपर्यंतच्या वारंवारतेसाठी तपासलेली असते. तिच्यावर १ गिगाबिटचा वेग १०० मीटरपर्यंत निर्वेध मिळतो आणि २.५ गिगाबिटसाठीही ती पुरते. कॅट ६ ची मर्यादा २५० मेगाहर्ट्झ आहे. १ गिगाबिट व ५ गिगाबिटसाठी ती १०० मीटरपर्यंत चालते आणि १० गिगाबिट सुमारे ५५ मीटरपर्यंत नेते. मात्र अनेक केबल एकाच जुडग्यात दाबून बांधल्या असतील तर ही मर्यादा ३७ मीटरपर्यंत खाली येते. कॅट ६ए ५०० मेगाहर्ट्झची असून १० गिगाबिट पूर्ण १०० मीटरपर्यंत पोहोचवते. कॅट ८ ची क्षमता २००० मेगाहर्ट्झ आहे. ती २५ व ४० गिगाबिटसाठी बनवलेली आहे, पण तो वेग ३० मीटरपर्यंतच मिळतो. तिचे खरे स्थान डेटा केंद्रातील कपाटांमध्ये आहे.

कॅट ७ चा विषय थोडा वेगळा आहे. आंतरराष्ट्रीय मानकात ती ६०० मेगाहर्ट्झची म्हणून आहे, परंतु तिच्यासाठी नेहमीच्या आरजे ४५ पेक्षा निराळे जोडक ठरवलेले होते आणि अमेरिकी मानकाने तिला स्थान दिले नाही. बाजारात ‘कॅट ७’ म्हणून मिळणाऱ्या तयार केबलला बहुधा साधेच आरजे ४५ जोडक असतात. त्यामुळे जास्त पैसे देऊनही हाती कॅट ६ए च्या पलीकडचे काही पडत नाही. घरासाठी वा दुकानासाठी तिच्या मागे लागण्याचे कारण नाही.

हे १०० मीटर म्हणजे भिंतीतील पक्की केबल ९० मीटर आणि दोन्ही बाजूंच्या सुट्या पॅच कॉर्ड मिळून १० मीटर, असा हिशेब असतो. आपल्याकडील बहुतेक घरे, दवाखाने व दुकाने तीस मीटरच्या आत संपतात. तेवढ्या अंतरात चांगली कॅट ६ केबल १० गिगाबिटही नेऊ शकते. म्हणून नव्या कामासाठी सर्वसाधारण उत्तर कॅट ६ हे आहे. पुढे १० गिगाबिट निश्चित हवे असेल आणि अंतर मोठे किंवा जुडगी दाट असतील, तरच कॅट ६ए घ्यावी. ती जाड व कडक असते. अरुंद पाईपमध्ये ओढताना त्रास देते, हेही ध्यानात ठेवावे.

आपल्याला किती वेग हवा?

१ गिगाबिट म्हणजे सेकंदाला १२५ मेगाबाइट. लग्नसमारंभाचे चित्रण करणाऱ्या स्टुडिओला १०० गिगाबाइटचे चित्रीकरण एका यंत्रावरून दुसऱ्यावर न्यायचे असेल, तर १०० मेगाबिटच्या जोडणीवर सव्वादोन तास, १ गिगाबिटवर साधारण १३ ते १५ मिनिटे आणि १० गिगाबिटवर दीड-दोन मिनिटे लागतील. परंतु शेवटचा आकडा खरा होण्यासाठी दोन्ही बाजूंच्या साठवण यंत्रांनी तो वेग पेलायला हवा. फिरती हार्ड डिस्क सेकंदाला दीडशे-दोनशे मेगाबाइटच्या आसपास अडते. साटा जोडणीची एसएसडी साडेपाचशेपर्यंत जाते. १० गिगाबिटचा पूर्ण लाभ एनव्हीएमई प्रकारच्या एसएसडीलाच मिळतो.

इंटरनेटबाबतही हेच लागू पडते. ग्राहकाने घेतलेली योजना २०० मेगाबिटची असेल, तर कॅट ५ई ऐवजी कॅट ८ लावून ती २०१ मेगाबिटची होणार नाही. हिशेब, बिलिंग आणि घरगुती वापराला १ गिगाबिट भरपूर आहे. नव्या वायफाय यंत्रांना जोडताना २.५ गिगाबिटचा विचार करावा, आणि तो वेग चांगली कॅट ५ई किंवा कॅट ६ सहज देते.

तांबे की तांब्याचा मुलामा?

निवडीतील सर्वांत मोठा धोका इथे आहे. स्वस्त केबलमध्ये पुष्कळदा तार अॅल्युमिनियमची असते आणि तिच्यावर तांब्याचा पातळ थर दिलेला असतो. पेटीवर ‘सीसीए’ अशी अक्षरे असतात, किंवा नसतातही. अॅल्युमिनियमची वाहकता तांब्याच्या सुमारे ६१ टक्के आहे. त्यामुळे संकेत लवकर क्षीण होतो, तार वाकवताना तुटते आणि केबलमधूनच वीज पुरवायची असेल तर ती अधिक तापते. इथरनेटच्या मानकांना भिंतीतील पक्क्या केबलसाठी शुद्ध तांबेच अपेक्षित आहे. वेष्टणावर कॅट ६ छापले म्हणून मुलाम्याची तार कॅट ६ होत नाही.

ओळखण्याचे उपाय साधे आहेत. पहिला वजनाचा. पूर्ण पेटीत ३०५ मीटर केबल असते. २३ गेजच्या तारेची कॅट ६ असेल, तर त्या पेटीत केवळ तांबेच साडेपाच किलोच्या पुढे असते, प्लास्टिक वेगळे. अख्खी पेटीच पाच-सहा किलोची भरली, तर शंका घ्यावी. दुसरा उपाय पात्याचा. तार हलकेच खरवडल्यावर आत पांढुरका धातू दिसला तर ते अॅल्युमिनियम. तिसरा उपाय मल्टिमीटरचा. केबलच्या एका टोकाला एकाच जोडीतील दोन तारा एकत्र पिळाव्यात आणि दुसऱ्या टोकाला त्या दोन तारांमधील रोध मोजावा. १०० मीटरला तो १९ ओहमपेक्षा कमी यायला हवा. ५० मीटरला साडेनऊपेक्षा कमी. आकडा बराच वर गेला तर केबल परत करावी. बिलावर ‘शुद्ध तांबे’ असे लिहून घेण्याची सवय ठेवल्यास परत करताना वाद होत नाही.

गेजचा आकडा जितका मोठा, तितकी तार बारीक, हेही ध्यानात असावे. २३ किंवा २४ गेज भिंतीतील केबलसाठी योग्य. २८ गेजच्या सडपातळ पॅच कॉर्ड कपाटात जागा वाचवतात, पण त्या दोन-तीन मीटरपुरत्याच वापराव्यात. भिंतीत एकसंध तारेची केबल घालावी. अनेक बारीक तंतूंची लवचिक केबल टेबलावरच्या जोडणीसाठी असते.

फाउंड्री, वखार आणि चिऱ्यांची भिंत

बेळगावच्या फाउंड्री उद्योगात इंडक्शन भट्ट्या, वेल्डिंग यंत्रे आणि मोटरींचा वेग बदलणारे ड्राइव्ह असतात. ही सारी यंत्रे विद्युत गोंगाट निर्माण करतात. अशा जागी साध्या यूटीपी केबलऐवजी धातूच्या पत्र्याचे किंवा जाळीचे आवरण असलेली केबल घ्यावी. मात्र त्या आवरणाला अर्थिंग नसेल तर ते निरुपयोगी ठरते; क्वचित गोंगाट पकडणाऱ्या अँटेनासारखेही वागते. आवरणाची केबल, धातूचे आवरण असलेले जोडक आणि अर्थिंग केलेले पॅच पॅनल ही तिन्ही एकत्र असतील तरच तो खर्च सार्थकी लागतो. घरात किंवा दुकानात साधी यूटीपीच बरी.

कुठेही असो, विजेच्या तारा आणि इथरनेट केबल एकाच पाईपमधून नेऊ नयेत. समांतर जात असतील तर निदान एक फुटाचे अंतर ठेवावे आणि ओलांडायच्या असतील तर काटकोनात ओलांडाव्यात. हा नियम कामाच्या सोयीसाठी सर्रास मोडला जातो. त्यातून जाळ्यात दोष येतात, शिवाय विजेच्या तारेचे वेष्टण फाटल्यास माणसाच्या जिवालाही धोका संभवतो.

वखारीत आणि जुन्या वाड्यांत उंदरांचा उपद्रव असतो. तिथे केबल उघडी न सोडता कडक पाईपमधून किंवा केसिंग-कॅपिंग पट्टीतून न्यावी. बेळगाव, खानापूर आणि गोव्यातील चिऱ्यांच्या जाड भिंतींमधून वायफायचा संकेत नीट जात नाही. अशा घरात एका जबर राउटरच्या नादी लागण्यापेक्षा प्रत्येक मजल्यावर एक केबल नेऊन तिथे छोटे वायफाय यंत्र लावणे हा टिकाऊ उपाय ठरतो. माणसांची वर्दळ असलेल्या दवाखान्यांत व शाळांत जळताना कमी धूर देणाऱ्या, हॅलोजनविरहित वेष्टणाची केबल निवडावी.

पाऊस, वीज आणि दोन इमारती

घाटमाथ्याजवळच्या बेळगावचा पाऊस आणि गोव्याचा पाऊस यांत मात्रेचा फरक असेल. केबलच्या दृष्टीने दोन्ही कठोरच. घरातील वापराची पीव्हीसी वेष्टणाची केबल गच्चीवर किंवा बाहेरच्या भिंतीवर टाकली तर ऊन तिचे वेष्टण भेगाळून टाकते आणि पाणी आत शिरते. बाहेरच्या भागासाठी उन्हाला टिकणारी काळ्या पॉलिइथिलीन वेष्टणाची केबल घ्यावी; जमिनीखालून न्यायची असेल तर आत जेली भरलेली. केबल भिंतीत शिरण्यापूर्वी तिला खाली झोळ द्यावा, म्हणजे पाणी बाहेरच ठिबकून जाते.

दोन वेगळ्या इमारती जोडायच्या असतील, उदाहरणार्थ घर आणि आवारातील गोदाम, तर तांबे टाळावे. वळवाच्या पावसात जवळपास वीज पडली तरी लांब तांब्याच्या तारेत मोठा दाब निर्माण होतो आणि दोन्ही बाजूंचे स्विच, संगणक जळू शकतात. शिवाय दोन इमारतींच्या अर्थिंगमध्ये फरक असल्यास केबलच्या धातूच्या आवरणातून नको असलेला प्रवाह वाहतो. अशा जागी धातूविरहित फायबर टाकावी. काचेच्या तंतूतून वीज वाहत नाही, आणि सिंगल मोड फायबरवर १० गिगाबिट दहा किलोमीटरपर्यंत जाते. आवारातील पन्नास-शंभर मीटर तिच्यापुढे काहीच नाहीत. दोन्ही टोकांना छोटे कन्व्हर्टर किंवा फायबरची सोय असलेले स्विच लागतात. एका वादळात होऊ शकणाऱ्या नुकसानीपुढे तो खर्च थोडा असतो.

केबलमधून वीज

कॅमेरे, वायफाय यंत्रे आणि दारावरचे फोन आता केबलमधूनच वीज घेतात. या पद्धतीचे पहिले मानक २००३ साली आले, तेव्हा स्विचच्या एका पोर्टमधून १५.४ वॅट मिळत. २००९ मध्ये ३० आणि २०१८ मध्ये ९० वॅटपर्यंत मर्यादा गेली. जास्त वॅट म्हणजे तारेत जास्त उष्णता. येथे मुलाम्याच्या तारेचा दोष उघड होतो: कॅमेरा दिवसा चालतो आणि रात्री त्याचे इन्फ्रारेड दिवे लागून मागणी वाढली की बंद पडतो. दोष कॅमेऱ्यात शोधला जातो आणि तो असतो केबलमध्ये. वीज वाहणाऱ्या केबलसाठी शुद्ध तांबे आणि २३ गेज यांत तडजोड करू नये.

अगदी जवळचे अंतर

सर्व्हर, साठवण यंत्र आणि स्विच एकाच कपाटात असतील, तर १० गिगाबिटसाठी आणखी एक मार्ग आहे. ‘डॅक’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तयार केबलच्या दोन्ही टोकांना एसएफपी प्लस जोडक कायमचे बसवलेले असतात. एक ते पाच मीटरपर्यंत त्या उत्तम चालतात, नगण्य वीज घेतात आणि आरजे ४५ वरील १० गिगाबिटच्या तुलनेत विलंबही कमी ठेवतात. आरजे ४५ च्या मार्गात प्रत्येक पोर्ट काही वॅट वीज खातो आणि तापतो. महाविद्यालयांच्या संगणक विभागांना आणि लहान सॉफ्टवेअर कंपन्यांना हा पर्याय परवडणारा आहे. स्विच व कार्ड ज्या कंपनीचे आहे तिला ती केबल मान्य आहे का, एवढे खरेदीपूर्वी पाहावे.

जोडणी आणि तपासणी

उत्तम केबल वाईट जोडणीने वाया जाते. टोक बसवताना जोडीचा पीळ अर्ध्या इंचापेक्षा, म्हणजे १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उकलू नये. केबलच्या जाडीच्या चौपटीपेक्षा लहान वळण देऊ नये आणि ती अकरा किलोपेक्षा अधिक ताणाने ओढू नये. रंगांचा क्रम दोन्ही टोकांना एकच ठेवावा. प्रचलित ‘बी’ क्रम असा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी.

काहीजण हा क्रम न पाळता मनाने एक क्रम ठरवतात आणि दोन्ही टोकांना तोच लावतात. दिव्यांचा साधा परीक्षक तेव्हाही एक ते आठ दिवे बिनचूक दाखवतो, कारण तो फक्त तार पोहोचली की नाही हे पाहतो. पण संकेताच्या जोडीतील दोन तारा वेगवेगळ्या पिळांत गेल्यामुळे गोंगाट वजा होत नाही आणि जाळे अडखळत राहते. मोठ्या कामात कंत्राटदाराकडून प्रत्येक केबलचा प्रमाणन अहवाल मागावा. घरगुती कामात निदान संगणकावर जोडणीचा वेग पाहावा. दोन्ही यंत्रे १ गिगाबिटची असून वेग १०० मेगाबिट दिसला, तर बहुधा एखादी तार तुटली आहे किंवा जोडकात बसलेली नाही. १०० मेगाबिटला दोन जोड्या पुरतात. १ गिगाबिटला चारही लागतात. कारागिराचे पैसे चुकते करण्यापूर्वी ही एक तपासणी पुरेशी बोलकी असते.

सारांश

घर, दुकान व दवाखाना यांसाठी शुद्ध तांब्याची, २३ गेजची कॅट ६ यूटीपी घ्यावी. जुनी कॅट ५ई नीट चालत असेल तर ती काढण्याची घाई नको. फाउंड्री व यंत्रशाळेसाठी आवरणाची कॅट ६ए, अर्थिंगसह. कपाटातल्या कपाटात १० गिगाबिटसाठी डॅक. दोन इमारतींमध्ये फायबर. बांधकाम चालू असेल तर प्रत्येक खोलीत एकाऐवजी दोन केबल आणि एक रिकामा पाईप सोडावा. उद्याचा वेग कितीही वाढला, तरी त्या पाईपमधून नवी केबल ओढता येईल आणि भिंत फोडावी लागणार नाही.